सहावा बिल्ला

मास्तर आगीत जात नसत. अग्निशमन दलात एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी त्यांची उणीदुणी काढतोय. एकेकाळी काढतही होतो. मी बंबाचा चालक, पंपही मीच चालवायचो, आणि बंब चालवणाऱ्याला साऱ्या जगाला नावं ठेवायचा परवाना असतो, असा माझा तेव्हा समज होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते आमच्या केंद्रातले जुने जवान. ऐन उमेदीत शिडीवरून पडून त्यांचा गुडघा गेला. बरं, आगीत पडले असते तर निदान चारचौघांत सांगायला काही राहिलं असतं. पडले ते सरावात, कोरड्या पटांगणात, सगळ्या केंद्रादेखत. गुडघा काही पुन्हा नीट वाकेना, तेव्हा साहेबांनी त्यांच्या हातात फळा दिला. रोजची हजेरीही त्यांच्याकडेच आली, म्हणून ते मास्तर झाले, आणि त्यांचं खरं नाव फक्त सेवापुस्तकात उरलं.

हा फळा काय ते आधी सांगतो. धुरात शिरणारा जवान पाठीवर हवेचा सिलिंडर घेतो आणि तोंडावर मास्क चढवतो. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो, त्यावर नंबर. आत पाऊल टाकण्याआधी तो बिल्ला दारापाशी उभ्या असलेल्या मास्तरांना द्यायचा. मास्तर तो फळ्यावरच्या हुकात अडकवणार आणि शेजारी मेणाच्या पेन्सिलीने लिहिणार : किती वाजता गेला, कोणाच्या जोडीने, सिलिंडरमध्ये हवा किती, आणि किती वाजता बाहेर दिसलाच पाहिजे. बाहेर आल्यावर ज्याचा बिल्ला त्यानेच येऊन मागायचा. मित्राच्या हाती मिळणार नाही, साहेबांच्याही नाही. हा नियम काही मास्तरांनी काढलेला नव्हता, पण नियम पाळणारा माणूस नेहमी आडमुठाच दिसतो.

"मास्तर, तुम्ही चुकून या खात्यात आलात," मी एकदा म्हणालो होतो. "शाळेत असतात तर एव्हाना हेडमास्तर झाला असतात."

"शाळेत एखादं पोर मोजायचं राहिलं तर ते घरी जातं," मास्तर म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

लोकांना आमचं दल म्हणजे लाल गाड्या आणि घंटा एवढंच दिसतं. मीही नोकरीला लागलो तेव्हा त्याच भ्रमात होतो. मग एकदा निरोप घेऊन नियंत्रण कक्षात गेलो. चौघीजणी कानाला यंत्रं लावून बसलेल्या, समोर भिंतभर शहराचा नकाशा. एकीला आगीची वर्दी आली. फोनवरची बाई नुसती किंचाळत होती. आमच्या या ताई इतक्या शांतपणे "मजला कितवा? आत कोणी आहे का?" विचारत होत्या की जणू दुकानात मापाची चौकशी चाललीय. त्यांचं बोलणं संपायच्या आत दोन बंब निघालेसुद्धा. पण मी थक्क झालो ते त्यानंतर. ज्या केंद्रातून बंब निघाले ते केंद्र रिकामं पडलं, म्हणून शेजारच्या केंद्रातला एक बंब तिथे येऊन उभा राहिला; त्याची जागा भरायला त्याच्या पलीकडचा निघाला. आग शहराच्या एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला, जिथे माणसं निवांत दाढी करत होती, तिथेही त्यांच्यासाठी कोणीतरी जागा बदलत होतं. त्यांना याचा पत्ताही नव्हता. मी कोणापुढे सहजासहजी मान तुकवणारा नाही, पण त्या नकाशापुढे मी टोपी काढली.

तिथून परत आल्यावर मी हे सगळं मास्तरांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "हं. तो मोठा फळा. हा धाकटा."

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो होतो, केंद्राच्या मागच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं घर. दारात पोचलो तर मास्तर उंबऱ्याबाहेर वाकून चपला पाहत होते. आतून वहिनींचा आवाज आला, "आलेत सगळे! घरात माणसं तीन, तरी मोजल्याशिवाय पाऊल आत पडत नाही यांचं. पाहुणे आले की आणखी पंचाईत. सगळ्यांच्या चपला जोड्याजोड्यांनी लावून ठेवतात, पाहुण्यांना वाटतं हाकलतायत." मुलगी खो-खो हसत होती. मास्तरही ओशाळवाणं हसले. माझ्या चपला त्यांनी मोजल्या की नाही ते मला माहीत नाही, पण निघताना त्या भिंतीशी सरळ लावलेल्या होत्या.

आता त्या सकाळकडे येतो.

माझा धाकटा भाऊ आमच्याच केंद्रात होता, पण दुसऱ्या पाळीत. त्याला तसं मुद्दाम ठेवलं होतं. तो भरती झाला त्या दिवशी आई साहेबांसमोर जाऊन उभी राहिली होती. "माझी दोन्ही पोरं एका आगीत पाठवू नका," एवढंच म्हणाली. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही, पण पाळलं. माझी पाळी सकाळी आठला सुरू व्हायची तेव्हा त्याची संपायची. त्या दिवशी तर त्याला आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, साडेनऊची वेळ मिळाली होती. मी आलो तेव्हा तो आपला बिल्ला कपाटात ठेवून हात पुसत होता. "दादा, आईचे कागद कुठे ठेवलेत?" त्याने विचारलं. मी सांगितलं. आमचं बोलणं झालं ते एवढंच.

आठ वाजता मास्तरांनी हजेरी सुरू केली. आमच्यात एकजण होता, त्याला सगळे घाईकर म्हणायचे, कारण तो जन्मात कधी वेळेवर आला नाही. धाकट्याचा जिवलग दोस्त. दोघांची एक जुनी खोड होती, ती आम्हा सगळ्यांना माहीत होती आणि सगळे तिकडे काणाडोळा करायचे : घाईकरला उशीर झाला की धाकट्याने त्याचा बिल्ला कपाटातून काढून बंबावरच्या त्याच्या सिलिंडरला अडकवून ठेवायचा. मग बंबाकडे नजर टाकणाऱ्याला वाटायचं, हा कधीचाच आलाय. याच पद्धतीने त्याच्या कितीतरी उशिरांवर पांघरूण पडलं होतं. मीही हसलोय त्यावर.

सात नावं झाली आणि घंटा झाली. आठवं नाव घाईकरचं होतं. मास्तरांनी हजेरीचा कागद दुमडून खिशात घातला आणि ते लंगडत पळाले. माझ्या बंबावर साहेब, मास्तर आणि चौघे जवान चढले. दुसरा बंब आमच्या मागोमाग निघाला, त्यात कोण बसलं हे पाहायला मला वेळ नव्हता.

गाद्यांचं गोदाम होतं, दुमजली, वर पत्रे. गाद्यांचा धूर ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. तो वर जात नाही, दारातून लोंढ्यासारखा अंगावर येतो, काळा आणि दाट. कामगार बाहेर पडले होते, पण वरच्या मजल्यावर दोघे अडकले असल्याचं मुकादम सांगत होता. गोदामाला खेटून लोकांची घरं होती आणि वारा त्यांच्या दिशेने होता.

आठ वीसला तीन जोड्या आत गेल्या. सहा जवान, सहा बिल्ले. तोंडावर मास्क, डोक्यावर हेल्मेट, कोणाचा चेहरा दिसत नाही, बिल्ल्यावरचा नंबर हाच चेहरा. मास्तरांनी सहाही बिल्ले अडकवले. आठ बेचाळीसला हवा कमी झाल्याची शिट्टी प्रत्येकाच्या सिलिंडरला आपोआप वाजणार, आठ पन्नासला हवा संपणार. त्यांच्या शेजारी राखीव जोडी तयार बसलेली होती. आत कोणाचं काही बिनसलं तर त्यांनी उठायचं. बहुतेक वेळा ते नुसतेच बसून परत येतात, आणि त्यांनी तसंच परत यावं अशी सगळ्यांची इच्छा असते.

अडकलेले दोघे कामगार आठ पस्तीसला बाहेर आणले. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाजूचे पत्रे वाकायला लागले, आणि साहेबांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. बेत सरळ होता : माणसं बाहेर आली की माझ्या बंबाच्या टपावरची पाण्याची तोफ वरच्या मजल्यावर सोडायची. त्या पाण्याचा मार असा असतो की विटांची भिंत कोसळते. पत्रे, तुळया, सगळं खाली येणार, पण शेजारची घरं वाचणार. मी तोफ रोखून उभा राहिलो. हात व्हॉल्व्हवर.

दारातून एकदम गर्दीने माणसं बाहेर पडली, खोकत, एकमेकांना धरत. नळ्या ओढणारेही त्यांच्यातच मिसळले. साहेबांनी मोजलं, सहा हेल्मेटं. एकेकजण मास्तरांपाशी आला आणि आपला बिल्ला घेऊन गेला. पाच झाले. तिकडे एका घराच्या खिडकीचा पडदा पेटला.

"मास्तर, सगळे आले?" साहेबांनी विचारलं.

"एक बिल्ला आहे अजून."

तेवढ्यात घाईकर पुढे आला. डोक्यावर हेल्मेट, अंगात आमचाच कोट. "माझा आहे तो, द्या मास्तर."

मास्तरांनी बिल्ला हुकावरून काढला. हातात धरून उभे राहिले. एक क्षण, दोन क्षण. माझा संयम सुटला. आज हे सांगताना जीभ जड होते, पण मी ओरडलो, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "मास्तर, झाले ना सहा? संपवा की आता! छप्पर काय तुमच्या हजेरीसाठी थांबणार आहे?"

मास्तर माझ्याकडे पाहतही नव्हते. ते घाईकरच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहत होते. मग त्यांनी मूठ मिटली.

"साहेब, पाणी सोडू नका."

"मास्तर, सहा हेल्मेटं मी स्वतः मोजलीत!"

"हेल्मेटं सहाच आहेत," मास्तर म्हणाले. "माणसं पाच आलीत. याचा हात बघा."

घाईकरचा हात स्वच्छ होता. बाकी पाचजण कोपरापर्यंत काळे, हातमोजे काढले तरी नखांत काजळी, आणि याचा हात आत्ताच साबणाने धुतल्यासारखा. तो आत गेलाच नव्हता. तो आपल्या स्कूटरवरून थेट गोदामावर आला होता, बंबातला जादा कोट आणि हेल्मेट चढवून नळ्या ओढायला लागला होता. फळ्यावर आपला नंबर पाहिला तेव्हा त्याला वाटलं, दोस्ताने नेहमीसारखी आपली हजेरी लावून दिलीय.

"तुझा बिल्ला मला कोणी दिला?" मास्तरांनी विचारलं.

घाईकरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मास्तरांकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझा हात व्हॉल्व्हवरून आपोआप सुटला होता. धाकट्याने बिल्ला अडकवला होता, तेवढ्यात घंटा झाली होती. दुसऱ्या बंबावर एक माणूस कमी पडत होता. आईचे कागद खिशात तसेच ठेवून तो दोस्ताच्या जागी चढला होता, दोस्ताचाच सिलिंडर आणि त्याला अडकवलेला बिल्ला घेऊन. आमचं अख्खं दल एकमेकांच्या जागा भरण्यावरच चालतं. त्यानेही तेच केलं, फक्त फळ्याला न कळवता.

मी दाराकडे धावलो असतो. मास्तरांच्या आवाजाने मला जागच्या जागी खिळवलं. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्याच्यापुढे काही बोलायची सोयच नव्हती.

"आठ चव्वेचाळीस. सहा मिनिटं हवा आहे. राखीव जोडी, उठा. त्याचा जोडीदार कुठंय?"

जोडीदार अजून खोकत होता. "जिन्यापर्यंत माझ्या मागेच होता... मला वाटलं, बाहेर माझ्या शेजारी उभा आहे तोच..."

"जिना चढून कोणत्या हाताला होतात?"

"डाव्या. भिंतीला धरून."

"डाव्या भिंतीला धरून जा," मास्तरांनी राखीव जोडीला सांगितलं, त्यांचे बिल्ले घेतले, वेळ लिहिली. हो, तेव्हासुद्धा लिहिली. अक्षर जराही हललं नव्हतं. मग माझ्याकडे वळले. "तुझं इंजिन बंद कर."

"मास्तर, तोफ..."

"बंद कर. मला ऐकायचंय."

मी इंजिन बंद केलं. साहेबांनी हात वर करून रस्त्यावरच्या गर्दीला गप्प केलं. दुसरा बंब मागच्या गल्लीत होता, त्याची घरघर दुरून येत होती, तेवढीच. शंभर माणसं श्वास रोखून उभी. मी इतकी वर्षं बंबाच्या आवाजात जगलो, आगीच्या समोर अशी शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं. आणि मग त्या शांततेत, वरून, अगदी बारीक, शिट्टी ऐकू आली. सिलिंडरची शिट्टी. माझ्या भावाच्या पाठीवरची.

"वर नाही," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "वळणावर. जिन्याच्या वळणावर आहे." त्यांनी ते वायरलेसवरून आत कळवलं. दोन मजल्यांच्या धुरातून, भिंतींमधून, नुसत्या कानांनी त्यांनी माझा भाऊ शोधला. माणूस इतकं लक्ष देऊ शकतो? मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्या अर्धं टक्कल पडलेल्या, लंगड्या माणसाकडे.

आठ एकोणपन्नासला त्याला बाहेर आणलं. गाद्यांची थप्पी जिन्याच्या वळणावर कोसळून तो कमरेपर्यंत अडकला होता. मास्क काढल्यावर आधी नुसता खोकला आला, मग शिवी आली, आणि माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी मला खूण केली. मी व्हॉल्व्ह उघडला. छप्पर अर्ध्या मिनिटात खाली आलं, थेट जिन्यावर. शेजारची घरं वाचली.

त्यानंतर मास्तर स्ट्रेचरपाशी आले. मूठ अजून मिटलेलीच होती. "नाव सांग," ते म्हणाले. धाकट्याने आपलं नाव सांगितलं. मास्तरांनी मूठ उघडली, घाईकरचा बिल्ला धाकट्याच्या काळ्याकुट्ट तळव्यावर ठेवला, म्हणाले, "तू दिला होतास, तुलाच देतोय." मग फळ्यावरची ओळ पुसली. आणि तिथेच, बंबाच्या पायरीवर, मटकन बसले. आगीच्या जागी बसलेले मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बसल्या बसल्या त्यांनी खिशातून दुमडलेला कागद काढला. "हजेरी राहिली होती," म्हणाले, आणि आठव्या नावापासून वाचायला सुरुवात केली. ओल्या रस्त्यावर, धुराच्या वासात, आम्ही पटांगणात उभे राहतो तसे उभे राहिलो. घाईकरला "हजर" म्हणताना हुंदका फुटला. यादी संपली. मास्तरांनी कागदावर नसलेलं एक नाव घेतलं. स्ट्रेचरवरून एक हात वर झाला.

"ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांचे कान किती तिखट आहेत हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं.

"हजर!" धाकटा घोगऱ्या आवाजात ओरडला. मास्तरांनी मान खाली घातली आणि बराच वेळ ती वर केली नाही.

चौकशी झाली. धाकटा आणि घाईकर तीन महिने नळ्या धूत होते. नियम बदलला : आता मास्क चढवण्याआधी चेहरा दाखवून नाव सांगावं लागतं, मगच बिल्ला घेतला जातो. मास्तरांनी अहवालात स्वतःविरुद्धच लिहिलं होतं : 'नंबर पाहिला, माणूस पाहिला नाही. बिल्ला हुकावरून काढला, ही माझी चूक.' आईला फक्त एवढंच कळलं की दवाखान्याची वेळ चुकली. तिने आम्हा दोघांची आठवडाभर खरडपट्टी काढली.

तो अहवाल सहीसाठी माझ्याकडे आला. मी काय ओरडलो ते सगळ्या रस्त्याने ऐकलं होतं. मी पान शोधलं, ओळ शोधली. मास्तरांच्या त्या सरळ अक्षरात एवढंच लिहिलेलं होतं : 'पंपचालक आदेशाची वाट पाहत थांबला.'

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते बिल्ले पुसत बसले होते. "मास्तर, हे खरं नाही."

"थांबलास की नाही?"

"थांबलो. पण मी काय बोललो ते..."

"बोललेलं फळ्यावर लिहीत नाहीत," मास्तर म्हणाले. "कोण कुठे होतं आणि कोणी काय केलं, एवढंच लिहितात. तुझा हात व्हॉल्व्हवर होता आणि तू तो फिरवला नाहीस. कर सही."

मी सही केली. मास्तर निवृत्त झाले, मीही झालो. धाकटा आता केंद्राचा अधिकारी आहे. आई त्याच्याकडे असते, आणि मी संध्याकाळी तिकडे जातो. आत शिरण्याआधी दाराबाहेर थांबतो, वाकतो, चपला मोजतो. तिच्या, त्याच्या, त्याच्या बायकोच्या, पोरींच्या. मग माझ्या काढून त्यांच्या शेजारी सरळ लावतो.